तानुबाईचं येडं

तानुबाई : आन माज्या लेकाला असं म्हनली कुटं, तर गिरनीवर! भरल्या गिरनीवर, धा बायांच्या म्होरं!

मैत्रेयी : आजी, मी काय शिवी दिली का? हुशार म्हणाले. परमेश्वरकाका लई हुशार आहेत, एवढंच म्हणाले.

तानुबाई : पुन्ना म्हनली! थू थू थू. तुज्या तोंडाला कडी हाय का न्हाई, मैतरे? इष्नुपंत गुरुजीची नात तू, शिकल्या घरातली. कुटं काय बोलावं येवढं बी कळंना व्हय?

मैत्रेयी : मग मला सांगा ना काय चुकलं! चार महिने मी काकांना लिहायला-वाचायला शिकवलं. उद्या रविवारी आमच्या शाळेत मोठ्या माणसांची साक्षरता परीक्षा आहे, आणि आज शेवटच्या उजळणीला ते आलेच नाहीत. मी स्टेशनजवळच्या बांधावर तासभर उभी, वेड्यासारखी. शेवटी इथं येऊन बघते, तर म्हशीसुद्धा गोठ्यात!

तानुबाई : म्याच न्हाई सोडलं. म्हशी न्हाई सोडल्या, आन त्याला बी न्हाई. कडबा आनायला पाठवलाय मळ्यात. पाटी-पुस्तक म्या कनगीत टाकलंय, जवारीखाली.

मैत्रेयी : कणगीत? अहो, त्या पुस्तकात परीक्षेचा कागद आहे! त्यावर काकांचा फोटो आहे!

तानुबाई : असू दे. जवारीला बगू दे फोटो.

मैत्रेयी : आजी, तुम्ही हसवू नका, मी भांडायला आलेय. का नाही पाठवणार?

तानुबाई : येडं हाय ते. येड्याला कशाची परीक्षा.

मैत्रेयी : येडं म्हणजे नेमकं कसलं येडं?

तानुबाई : त्यात बी आनिक पाच-पन्नास असत्यात का?

मैत्रेयी : असतात की! बघा. मी आईला म्हणाले, मला परभणीला क्लास लावा, तर आई म्हणाली 'येडी झालीस का', म्हणजे नाही. मी सायकलवरून पडले, बाबा गुडघ्याला हळद लावताना म्हणाले 'येडे', म्हणजे फार दुखतंय का. माझी मैत्रीण भक्ती दिवसातून वीस वेळा म्हणते 'ए येडे', म्हणजे काहीच नाही, नुसती हाक. आणि तोच शब्द एका सरांनी वर्गात शिवकन्याला म्हटला, तर ती दोन दिवस शाळेत आली नाही. आता बांधावरची येडी बाभळ घ्या. ती काय नापास झाली म्हणून येडी? कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी वाढतेच, म्हणून येडी. तारेवर बसतो तो येडा राघू. उडता किडा हवेतल्या हवेत धरतो! असा नेम कुणाचा नाही, आणि आपण त्याला येडा म्हणतो. आणि आपल्या गावाचं तर विचारूच नका. परभणीत कुणाला पेडगाव सांगितलं की आधी दात काढतात. वेडाचं सोंग घेणारे म्हणे कुठं जातात, ते पुस्तकातलं. ते पेडगाव वेगळं, नगरकडचं, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

तानुबाई : न्हाई दुखलं. चांगलं चालायलंय की. श्वास घे माय जरा.

मैत्रेयी : घेतला. आता सांगा, आपल्या काकांचं येडं यातलं कुठलं?

तानुबाई : बाभळीचं मला नको सांगू. जिंदगीभर तिच्याच लाकडावर भाकरी भाजल्यात म्या. आन आमचं येडं ह्यातलं कोनचंच न्हाई. आमचं खरं येडं हाय.

मैत्रेयी : खरं? जो माणूस पहिल्या आठवड्यात स्टेशनची पाटी वाचतो? मी 'ग' शिकवला होता फक्त. हे पाटीकडं बघत उभे. म्हणाले, बाई, ह्यो मधला तुमचा 'ग' न्हवं का, त्याला काना दिलेला? मंग हे 'पेडगाव'च असनार. मी नाचले हो बांधावर! मालगाडी गेली की डबे मोजून सांगतात. मी मागं राहते, ते पुढं.

तानुबाई : हळू बोल! शेजारची कडी वाजली बग.

मैत्रेयी : वाजू दे. माझी आई माझे मार्क भाजीवाल्यालासुद्धा सांगते. तुम्हाला चांगलं ऐकलं की घाम फुटतो. असं का?

तानुबाई : तुजी आई नशिबाची हाय. ही सुई ओवून दे. वाकळ अर्धी ऱ्हायली, आन मला भोकच दिसंना.

मैत्रेयी : द्या. ...ही घ्या, ओवली. आजी, मी नुसती भांडायला नाही आले. आजोबांनी पाठवलंय.

तानुबाई : गुरुजींनी? त्यांना तर आता वटा बी उतरवंना म्हनत्यात.

मैत्रेयी : म्हणून तर मला पाठवलं. मी कुणाला शिकवते ते चार महिने घरी सांगितलंच नव्हतं. पास झाल्यावर एकदम सांगायचं, असं ठरवलेलं माझं. काल राहवलं नाही, काकांना द्यायच्या आधी तो परीक्षेचा कागद आजोबांना दाखवला. त्यांनी फोटो बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. म्हणाले, हा नागनाथ-तानुबाईचा मुलगा? मी म्हणाले हो, आणि घडाघडा वाचतात! मला वाटलं शाबासकी देतील. ते तर ताट अर्धं टाकून उठले. आज सकाळी म्हणाले, जा आणि तानुबाईला एवढंच विचार, 'त्या दिवशी तू मला खरं सांगितलं होतंस का?'

तानुबाई : ...असं म्हनले?

मैत्रेयी : असंच. कुठला दिवस, आजी?

तानुबाई : त्यांच्या ध्यानात हाय म्हन की.

मैत्रेयी : आजी?

तानुबाई : पेरनीचा महिना व्हता. घाईचा. गुरुजी तवा जवान. वही घिऊन घरोघर फिरायचे, कोनाच्या घरात सा वरसाचं लेकरू हाय ते लिवायला. आमचं हे तितं, त्या गव्हानीपाशी, मातीत बैल करत बसलेलं. गुरुजी त्याच्याकडं बगतच ऱ्हायले. म्हनले, तानुबाई, ह्याला पाठव शाळंत. डोळे बग कसे हाईत ह्याचे, लांब जानारं लेकरू हाय. असं म्हनले. आन माज्या तोंडातून निगून गेलं, येडं हाय वो ते गुरुजी, त्याला काय लिवता.

मैत्रेयी : मग?

तानुबाई : मंग काय. त्यांनी माज्याकडं बगितलं. वहीत लिवलं कायतरी. आन गेले म्होरच्या घरी.

मैत्रेयी : म्हणजे आजोबा सकाळी स्वतःशी पुटपुटत होते ते हेच, मीच लिहिलं म्हणून: 'मतिमंद. शाळेत घेण्यासारखा नाही.'

तानुबाई : मती काय?

मैत्रेयी : मतिमंद. म्हणजे ज्याच्या डोक्यात शिरत नाही असा.

तानुबाई : म्या असं कुटं म्हनलं व्हतं?

मैत्रेयी : तुम्ही येडं म्हणालात.

तानुबाई : येडं म्हनलं! समदी दुनिया म्हनती आपल्या लेकराला येडं! मला वाटलं पुन्ना इचारतील. दोनदा इचारत्यातच की मानसं. आता तू आलीस, म्या म्हनलं च्या घे, तू न्हाई म्हनलीस. म्या लगीच भांडं पालथं घातलं का? पुन्ना म्हनलं, तवा घेतलास. मला वाटलं, गुरुजी म्हनतील, अगं कसलं येडं, पाठव गुमान. मंग म्या म्हनलं असतं, न्या बाबा तुमच्या मनानं. त्यो माज्या तोंडानं गेला नसता, गुरुजीच्या तोंडानं गेला असता. मंग मला दोष नसता लागला.

मैत्रेयी : कसला दोष? शाळेत पाठवायचा?

तानुबाई : माजं लेकरू चांगलं हाय, असं म्हनायचा.

मैत्रेयी : मला नाही कळलं.

तानुबाई : कसं कळंल. तुला कोनी सांगितलंच नसंल. परमेश्वराच्या आगुदर मला तीन झाले.

मैत्रेयी : तीन?

तानुबाई : पयला चंद्रभान. असा बाळसेदार, की पिंगळीहून बाया बगायला आल्या. जी ती म्हने, तानू, नशीब काढलंस. सात महिन्याचा झाला आन तीन दिसाच्या तापात गेला. मंग राजेश्री. नवव्या महिन्यात पाय टाकायला लागली ती. सासू गल्लीतल्या बायांना हाका मारून दाखवायची, आमची पोर बगा, आमची पोर बगा. दीड वरसाची व्हती. तिसऱ्याचं तर बारसं बी न्हाई झालं.

मैत्रेयी : आजी... गावात कुणी बोलत नाही याबद्दल.

तानुबाई : कोन बोलनार? ज्यांनी बगितले ते समदे गेले. म्याच येकली ऱ्हायलेय, त्यांची नावं ठावं असलेली.

मैत्रेयी : आणि मग काका झाले.

तानुबाई : मंग हे झालं. सुलाबाई म्हनून सुईन व्हती. तिनं नाळ कापली, हात धुतले आन दारात उबी ऱ्हाऊन वरडली, येडं झालंय गं, तानूला येडं झालंय, कोनी बगायला येऊ नका! आन कोनी आलं न्हाई. आत येऊन माज्या कानापाशी म्हनली, तानू, आता जलमभर हेच म्हनायचं. आपलं चांगलं हाय, हे कोनाला कळू द्यायचं न्हाई. मानसाला न्हाई, आन त्याला बी न्हाई. असा वर हात केला तिनं.

मैत्रेयी : आणि तुम्ही म्हणत राहिलात.

तानुबाई : म्हनत गेले. पाचवीला म्हनलं, बारशाला म्हनलं. आन त्यो जगला. गोवर निगाली, जगला. हिरीत पडला, जगला. आता तू सांग मला, शिकलेली हाईस. ज्या शबदानं लेकरू जगलं, त्यो शबुद टाकून द्यायचा व्हय?

मैत्रेयी : पण आजी, ताप शब्दानं येत नाही. तेव्हा लसी नव्हत्या, वेळेवर डॉक्टर मिळत नव्हते, म्हणून...

तानुबाई : चंद्रभानला नेलं व्हतं परभनीला. बैलगाडीत, मांडीवर घिऊन. डॉक्टरांनी बगितलं, सुई दिली. येताना गेला, ह्याच मांडीवर. काय झालं? आता न्हाई बोलत?

मैत्रेयी : नाही. मला काही सुचत नाही.

तानुबाई : मला बी न्हवतं सुचलं. तवा सुलाबाईनं जे सुचवलं ते धरलं. मंग जीभ दुसरीकडं वळंचना. पिंगळीचं स्थळ आलं व्हतं त्याला. पोरगी नाकीडोळी नीट. बाप हितं बसला, तू बसलीस तितं. म्हनला, पोरगा कसा हाय? म्या काय म्हनलं असंल?

मैत्रेयी : नाही! आजी, तेव्हासुद्धा?

तानुबाई : तवासुदीक. पर त्यो मानूस शाना व्हता. हसला. म्हनला, समद्या माया असंच म्हनत्यात. आन जाताना फाट्यावर, पानाच्या टपरीवर इचारून गेला. तितं बी लोकांनी तेच सांगितलं. त्यांनी माज्याकडूनच तर ऐकलं व्हतं वीस वरसं! न्हाई आला परत.

मैत्रेयी : काकांना हे माहीत आहे?

तानुबाई : त्याला काय ठावं असनार. त्यो आपला—

(कुडापलीकडून कडब्याच्या पेंढ्या अंगणात येऊन पडतात. मागोमाग परमेश्वर येतो.)

परमेश्वर : बाई, तुमी उन्हाच्या आलात?

मैत्रेयी : काका! तुम्ही सकाळी आला का नाहीत? मी किती वाट बघितली!

परमेश्वर : माय न्हाई म्हनली.

मैत्रेयी : तुम्ही अठ्ठेचाळीस वर्षांचे आहात!

परमेश्वर : व्हय. आन माय त्र्याहत्तर. तिला झोप लागाय पायजे.

तानुबाई : तू कवा आलास? काय ऐकलंस?

परमेश्वर : चंद्रभानदादापासून.

तानुबाई : तवापासून हुबा हाईस? डोस्क्यावर ओझं घिऊन?

परमेश्वर : टाकलं असतं तर वाजलं असतं. तू थांबली असतीस सांगायची.

तानुबाई : माज्यावर राग धरू नको रं बाबा.

परमेश्वर : राग कशाचा. मला समदं ठावं हाय की.

तानुबाई : काय ठावं हाय?

परमेश्वर : तिघं बी. सुलाबाईनंच सांगितलं.

तानुबाई : ती रांड! कवा?

परमेश्वर : धा-अकरा वरसाचा आसंन मी. शाळंच्या खिडकीखाली म्हशी थांबवायचो. आत पोरं पाढे म्हनायची. मी भाईर म्हनायचो. आठाच्या पाढ्याला सुलाबाईनं धरलं. कान पिळून मागं नेलं. म्हनली, तुज्या मायनं तीन पुरलेत. तुजं शानपन तिच्या कानावर गेलं, तर ती भियानं वाळून जाईल. गप ऱ्हा. मी गप ऱ्हायलो.

तानुबाई : येवढी वरसं?

परमेश्वर : अवघड न्हाई. कोनी हसलं की आपुन बी हसायचं. मंग त्ये म्होरं इचारत न्हाईत.

मैत्रेयी : म्हणजे ते सगळं सोंग होतं, काका? तुम्ही नुसतं...

परमेश्वर : न्हाई बाई. तसं बी न्हाई.

मैत्रेयी : मग कसं?

परमेश्वर : पयली धा वरसं सोंग. मंग मला बी न्हाई सांगता येत. भावकीची बैठक बसली की मला च्या द्यायचे. इचारायचे न्हाईत. लग्नात पंगतीच्या शेवटाला बसवायचे. लोक रोज म्हनले की मानसाला वाटतंय, असंल बी. रानात येकला असलो की आठाचा पाढा म्हनून बगायचो, येतोय का. येका वरसी अडकला. आठी सत्ते. म्हशीपाशी बसून ऱ्हायलो. म्हनलं, संपलं आता. झालो खरा येडा.

मैत्रेयी : छप्पन्न.

परमेश्वर : आता ठावं हाय. तवा न्हाई आलं. तुमी त्या दिवशी बांधावर आलात, वही काढली, नाव काय म्हनलात. मी म्हनलं बगू तरी. आत काय शिल्लक हाय का.

मैत्रेयी : आहे, काका. एवढं आहे की...

परमेश्वर : हळू. माय हाय.

तानुबाई : म्या तुजी जिंदगी खाल्ली रं.

परमेश्वर : खाल्ली न्हाईस. राखलीस. पर लय राखलीस, माय.

मैत्रेयी : आजी, रडू नका ना. हे बघा, हे नजरेचं वगैरे काही नसतं. आमच्या शाळेत कार्यक्रम झाला होता, त्यात सगळं करून दाखवलं. ही निव्वळ अंधश्रद्धा...

परमेश्वर : बाई.

मैत्रेयी : काय?

परमेश्वर : तुमी मला शिकवा. मायला नका शिकवू.

मैत्रेयी : ...चुकलं माझं. आणि गिरणीवरचंही चुकलं. मला वाटलं, सगळ्यांना सांगावं. मला इतका आनंद झाला होता, की तो माझ्या एकटीच्या पोटात मावतच नव्हता. घाबरणारंही कुणी असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आजी, आजोबा वाट बघत असतील. त्यांना काय सांगू?

तानुबाई : सांग, तानुबाईनं तवा खरं न्हवतं सांगितलं.

मैत्रेयी : बरं.

तानुबाई : आन हे बी सांग. तुमी बी दुसऱ्यांदा न्हवतं इचारलं. घाईत व्हतात. म्या बी घाईत व्हते. दोघांच्या घाईत ह्याचं गेलं.

मैत्रेयी : सांगते. शब्द न् शब्द सांगते. आजी, मग मी विचारू? आजोबांच्या वतीनं, दुसऱ्यांदा? तानुबाई, ह्याला शाळेत पाठवता का?

तानुबाई : येडं हाय वो ते... बग. बगितलंस? हेच निगालं. दुसरं काय यीनाच तोंडात.

मैत्रेयी : परत विचारू?

तानुबाई : नको माय. शंभरदा इचारलंस तरी हेच यील. मला तवा बी भ्या वाटलं, आता बी वाटायलंय. उद्या तितं हजेरीला नाव पुकारत्यात का?

मैत्रेयी : हो.

तानुबाई : मोठ्यानं? समद्यांम्होरं?

मैत्रेयी : मी सरांना सांगते, हळू घ्या म्हणून. पण आजी, पेपर लिहायचाच असतो, आणि त्यावर नावही टाकायचं असतं. ते त्यांनाच टाकावं लागेल. ते टाकतात आता. 'मे'वरची मात्रा जरा पडकी येते, पण टाकतात.

परमेश्वर : माय, येक बोलू?

तानुबाई : बोल की.

परमेश्वर : गुरुजींनी तुला इचारलं. पिंगळीच्या मानसानं तुला इचारलं, मंग टपरीवाल्याला इचारलं. आता बाई बी तुलाच इचारायल्यात. मला कोनी न्हाई इचारलं. मीच सांगतो. मला जायचं हाय.

तानुबाई : आन काय झालं तर?

परमेश्वर : काय व्हायचं?

तानुबाई : तुला काय झालं तर! म्या चौथ्यांदा कुटं जाऊ?

परमेश्वर : मी सात महिन्याचा न्हाई, माय. दाढी पांढरी झाली. हिरीत पडलो तवा वर आलो ते शबदानं न्हाई. सोलाच्या दोराचं टोक हाताला लागलं, म्हनून आलो. तुला न्हवतं सांगितलं. शबदावर तुजी भिस्त व्हती, ऱ्हाऊ दे म्हनलं.

तानुबाई : सोल व्हता?

परमेश्वर : बैलाचा, तुटका. लोंबत व्हता. म्या बगितला, धरला, पायानं कपारी चाचपल्या. वरून लोक वरडत व्हते, येडं पडलं, येडं पडलं. मी म्हनत व्हतो, वरडू नका, सोल घट धरा.

मैत्रेयी : काका, हे तुम्ही मलाही नाही सांगितलं.

परमेश्वर : तुमी इचारलं न्हाई. तुमी पाढे इचारता.

तानुबाई : किती वाजता हाय ते?

मैत्रेयी : काय?

तानुबाई : परीक्षा, परीक्षा! लिवायचं हाय ना त्याला?

मैत्रेयी : दहाला! म्हणजे साडेनवाला यायचं. आजी, म्हणजे तुम्ही...

तानुबाई : नाचू नको, वाकळीवर पाय पडायलाय. रं बाबा, कनगीत हात घाल. लय खाली न्हाई, कोपरापातूर हाय. कागद चुरगळला असंल तर तांब्याखाली ठिव. आन दाढी कर. असला नको जाऊ.

परमेश्वर : करतो.

तानुबाई : आन मी येते.

परमेश्वर : तू काहून?

तानुबाई : मला न्हाई सोडता येत त्यो शबुद, ह्या वयात. तू आत बसून लिव. तुला यील ते समदं लिव, राखू नको काय. मी भाईर पायरीवर बसते, आन मनातल्या मनात म्हनत ऱ्हाते, येडं हाय माजं, येडं हाय. तुजं लिवून व्हईस्तोवर.

मैत्रेयी : आजी, तीन तास लागतील.

तानुबाई : अठ्ठेचाळीस वरसं म्हनलं. तीन तासाचं काय येवढं.

परमेश्वर : पायरीवर ऊन असतंय, माय. लिंबाखाली बस.